रसिक, चाहता आणि नाव : ‘माय लिटल पोनी’च्या प्रौढ प्रेक्षकाचा प्रश्न

रसिक, आस्वादक, शौकीन, दर्दी, चाहता, भक्त, वेडा : कलाकृतीशी जडलेल्या नात्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. व्यवहारात मात्र हे सारे शब्द एकाच शिडीच्या पायऱ्या असल्यासारखे योजले जातात. खालच्या पायरीवर थोडी आवड, वरच्या पायरीवर अधिक, आणि अगदी वर विवेक सुटलेला ‘वेडा’. आवडीचे प्रमाण वाढत गेले की रसिकाचा चाहता होतो आणि चाहत्याचा भक्त, असे या योजनेत गृहीत धरलेले असते. लोकप्रिय संस्कृतीच्या पाश्चात्त्य अभ्यासातही या गृहीतकाचा प्रभाव दिसतो. निकोलस ॲबरक्रॉम्बी आणि ब्रायन लाँगहर्स्ट यांनी १९९८ च्या ‘ऑडियन्सेस’ या ग्रंथात सामान्य ग्राहकापासून हौशी निर्मात्यापर्यंत जी क्रमवारी आखली, तीही एका अर्थी शिडीच आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू या शिडीविषयी शंका उपस्थित करण्याचा आहे. एखादी कलाकृती सहज आवडणारा प्रेक्षक आणि स्वतःची ओळखच तिच्यावर उभारणारा चाहता यांच्यातील भेद प्रमाणाचा नसून प्रकाराचा आहे, आणि तो आस्वादापेक्षा आस्वादानंतर धारण केलेल्या नावात उत्पन्न होतो, असे येथे मांडावयाचे आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण लहान मुलींसाठी तयार झालेल्या एका अमेरिकन कार्टून मालिकेचे आहे. उदाहरण वरकरणी क्षुल्लक वाटेल. पण आस्वादाच्या मीमांसेला क्षुल्लक कलाकृतीच अनेकदा अधिक उपयोगी पडते, कारण तेथे कलाकृतीची थोरवी प्रेक्षकाच्या वर्तनाचे समर्थन करावयास येत नाही.

‘माय लिटल पोनी’ हे मूळ नाव खेळण्यांचे. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९८३ पासून या नावाची रंगीबेरंगी प्लॅस्टिकची तट्टे विकली आणि त्यांच्या खपासाठी १९८० च्या दशकात कार्टूनही काढले. खेळण्यांची जाहिरात करणारी ती मालिका शब्दशः भाड्याचे तट्टू होती. ‘माय लिटल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक’ ही नवी मालिका १० ऑक्टोबर २०१० रोजी ‘द हब’ या वाहिनीवर सुरू झाली. ही वाहिनीही हॅस्ब्रो आणि डिस्कव्हरी यांच्या भागीदारीतली आणि त्याच दिवशी सुरू झालेली. मालिकेची उभारणी लॉरेन फॉस्ट यांनी केली. ‘पॉवरपफ गर्ल्स’सारख्या मालिकांवर काम केलेल्या या चित्रकर्तीने सहा मैत्रिणींचा एक मेळ कल्पिला : अभ्यासू ट्वायलाइट स्पार्कल, कष्टाळू ॲपलजॅक, नटवी पण उदार रॅरिटी, भिडस्त फ्लटरशाय, खिदळणारी पिंकी पाय आणि बढाईखोर रेनबो डॅश. मुलींसाठीच्या कार्टूनमध्ये सर्व पात्रे एकाच गोड साच्याची असतात, या रूढीला येथे फाटा मिळाला. सहाही जणींना दोष आहेत, त्या दोषांतून कथा घडते, आणि दोष पुढच्या भागात पुन्हा डोके वर काढतो. बालसाहित्यात ही गोष्ट वाटते तितकी सर्रास आढळत नाही.

मालिका सुरू होऊन दहा दिवस होत नाहीत तोच ॲनिमेशनचे अभ्यासक अमिद अमिदी यांनी एक खेदपूर्ण लेख लिहिला. फॉस्टसारख्या गुणी कलावंतांनी खेळण्यांच्या मालिकांकडे वळावे यात स्वतंत्र निर्मात्यांच्या युगाचा अंत त्यांना दिसला. या लेखावर इंटरनेटवरील ‘फोरचॅन’ या चर्चास्थळी वाद सुरू झाला. तेथे जमणारे बहुसंख्य तरुण पुरुष होते. मालिकेची टवाळी करण्यासाठी म्हणून काहींनी ती पाहिली आणि त्यांना ती आवडली. या आवडीला लवकरच नाव मिळाले : ‘ब्रोनी’. भाऊ किंवा दोस्त या अर्थाचा ‘ब्रो’ हा बोलीतला इंग्रजी शब्द आणि ‘पोनी’ यांची ही संधी. २०११ साली न्यूयॉर्क येथे ‘ब्रोनीकॉन’ या नावाने पहिला मेळावा भरला, तेव्हा शंभराच्या आसपास माणसे आली होती. पुढे बाल्टिमोर येथील मेळाव्यांना हजारो माणसे जमू लागली, आणि २०१५ साली हा आकडा दहा हजारांवर गेला. २०१२ साली या चाहत्यांवर एक माहितीपटही निघाला आणि त्याच्या शीर्षकातच त्यांना ‘अत्यंत अनपेक्षित प्रौढ चाहते’ असे म्हटले गेले.

‘अनपेक्षित’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ‘ब्रोनी’ ही संज्ञा बारकाईने पाहिली तर तिचा भर मालिकेवर नाही; पाहणारा कोण आहे, यावर आहे. मालिका किती वेळा पाहिली, किती समजली, किती आवडली यांपैकी काहीही ती सांगत नाही. ज्याने पाहणे अपेक्षित नव्हते त्याने पाहिले, एवढेच ती सांगते. (स्त्री चाहत्यांसाठी ‘पेगसिस्टर’ असा जोडशब्द पुढे निघाला, मूळ शब्दात त्यांना जागा नव्हती, याचीच ही कबुली.) शिडीची कल्पना येथे कोलमडते. सहा वर्षांची मुलगी एकच भाग दहा-दहा वेळा पाहते, त्यातील गाणी पाठ म्हणते, पात्रांची नावे धरून भांडते आणि त्यांच्या बाहुल्या उशाशी घेऊन झोपते. प्रमाणाच्या मापाने तिच्याइतका निस्सीम प्रेक्षक दुसरा नाही. तरी तिला कोणी ब्रोनी म्हणत नाही, वेडीही म्हणत नाही, आणि तिला स्वतःलाही कोणत्या नावाची गरज भासत नाही. याउलट मालिकेचे पाच-सहा भाग पाहिलेला एखादा तरुण स्वतःला ब्रोनी म्हणवून घेतो, आणि सगळे भाग आवडीने पाहिलेला दुसरा तरुण ते नाव निक्षून नाकारतो. ‘मालिका आवडते, पण मी ब्रोनी नाही’ ही भूमिका या चाहतावर्गाच्या सीमेवर सतत ऐकू येत राहिली. आतल्यांना तिच्यात भित्रेपणा दिसे, तर बाहेरच्यांना समंजसपणा. दोघांचाही वाद नावाशी होता.

या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. ध्यास घेतलेल्या चाहत्याकडे रोगी म्हणून पाहण्याची सवय समीक्षेला फार जुनी आहे. जोली जेन्सन यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या सवयीचा चांगला समाचार घेतला आहे. चाहत्याच्या दोनच प्रतिमा सर्वत्र आढळतात, एकाकी झपाटलेला इसम आणि बेभान जमाव, असे सांगून त्या एक अडचणीचा प्रश्न विचारतात : लोकप्रिय गायकाच्या मागे लागलेल्या माणसात आणि जेम्स जॉइसच्या मागे लागलेल्या प्राध्यापकात नेमका फरक कोणता? मराठीपुरते बोलायचे तर ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांत आयुष्य घालवणाऱ्यास व्यासंगी म्हणतात, आणि एका तट्टाच्या पाठीवरील खुणेचा रंग कोणत्या भागात बदलला हे सांगणाऱ्यास खुळा. दोघांची पद्धत मात्र सारखीच : संहितेचे सूक्ष्म वाचन, विसंगतीची नोंद, परंपरेचे जतन. विद्यापीठीय अभ्यासकाने या आरशात स्वतःचे तोंड पाहण्यास हरकत नसावी. शिवाय ब्रोनींची निर्मिती नुसती नोंदींची नव्हती. २०११ साली सुरू झालेली ‘फॉलआउट : इक्वेस्ट्रिया’ ही एका चाहत्याची कादंबरी सुमारे सहा लाख शब्दांची आहे. तिच्यात या गोड गुलाबी सृष्टीचे अणुयुद्धानंतरचे उद्ध्वस्त रूप आहे, आणि तिलाही स्वतःचे चाहते आणि त्यांनी लिहिलेल्या उपकथा लाभल्या. तेव्हा ध्यास हा येथे दोष म्हणून मोजलेला नाही. प्रश्न ध्यासाचा नसून ध्यासावर बसवलेल्या ‘मी’चा आहे.

भारतीय रसचर्चेतील साधारणीकरणाची कल्पना येथे उपकारक ठरते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने आपल्या रीतीने स्वीकारलेल्या या कल्पनेनुसार नाट्य पाहताना प्रेक्षकाचे ‘हे माझे, हे परक्याचे’ हे भान तात्पुरते सैल होते. शोक कोणाचा हा प्रश्न उरत नाही, म्हणूनच शोकातून आनंद मिळू शकतो. सहृदय तो, ज्याच्या मनाचा आरसा परिशीलनाने स्वच्छ झालेला आहे. त्याच्या वयाची, लिंगाची वा व्यवसायाची अट या व्याख्येत नाही. या दृष्टीने पाहता मुलींच्या मालिकेत रमलेला पंचविशीतला पुरुष साधारणीकरणाचे उत्तम उदाहरण आहे. भिडस्त फ्लटरशायचा संकोच त्याला स्वतःचा वाटला, कारण पाहताना तो पुरुष, प्रौढ, अमुक नोकरीतला असा उरला नव्हता. विरोधाभास असा की, ज्या क्षणी तो स्वतःला ब्रोनी म्हणतो त्या क्षणी विरघळलेल्या याच उपाधी तो पुन्हा गोळा करतो. ‘मी पुरुष असूनही, प्रौढ असूनही पाहतो’ हा त्या नावाचा आशय आहे. आस्वादात गळून पडलेला अहंकार नावात परत येतो, आणि या वेळी कलाकृतीचा टिळा लावून येतो.

टिळ्याची उपमा मालिकेनेच पुरवली आहे. तिच्यातील प्रत्येक तट्टाच्या पुठ्ठ्यावर वयात येताना एक चिन्ह उमटते, त्याला ‘क्यूटी मार्क’ म्हणतात. ते त्याच्या खास गुणाचे द्योतक असते. ॲपल ब्लूम, स्वीटी बेल आणि स्कूटालू या तीन शिंगरांना ते चिन्ह मिळालेले नसते आणि ते मिळवण्यासाठी त्या नाना खटपटी करतात. २०१५ सालच्या एका भागात त्यांना ते अखेर मिळते. मिळते ते केव्हा, तर चिन्हाचा विचार बाजूला ठेवून आपल्याला छळणाऱ्या एका सोबतिणीला मदत करतात तेव्हा. चाहत्यांच्या जगात याच्या उलट घडले. स्वतःसाठी एक काल्पनिक तट्टू रचणे, त्याला नाव आणि चिन्ह देणे, आणि मेळाव्यात ते छातीवर लावून हिंडणे हा तेथला प्रवेशसंस्कारच झाला. शिंगरांना जे शेवटी लाभले, ते येथे आरंभीच घेतले गेले.

या मालिकेची खरी वाङ्मयीन नवलाई अशी की तिने आपल्या चाहत्याचा इतिहास स्वतःच्या कथानकात, थोड्याशा आडपडद्याने, लिहून ठेवला. त्यासाठी तिने मालिकेच्या आत एक पुस्तकमाला कल्पिली. तिची नायिका डेरिंग डू ही प्राचीन अवशेष शोधणारी साहसी घोडी, आणि तिची वाचक रेनबो डॅश. फेब्रुवारी २०१२ मधील भागात पंख दुखावलेली रेनबो रुग्णालयात पडून असते. वाचन हा पुस्तकी किड्यांचा उद्योग असे तिचे मत. कंटाळून ती ट्वायलाइटने दिलेले पुस्तक उघडते आणि त्यात गुंतते. पण मैत्रिणी आल्या की ते पांघरुणाखाली लपवते. पुस्तक पुरे होण्याआधी घरी पाठवणी होते, तेव्हा ती रात्री रुग्णालयात चोरून शिरते आणि पकडली जाते. लज्जेने लपवलेली आवड आणि ती उघड होण्यातला सुटकेचा श्वास, हा त्या वर्षीच्या ब्रोनीचाच अनुभव होता. येथे रेनबो फक्त वाचक आहे. तिला पुढे काय होते एवढेच हवे आहे. २०१३ मधील भागात नवे पुस्तक लांबणीवर पडते आणि ती थेट लेखिकेच्या घरी पोहोचते. ए. के. यर्लिंग ही लेखिका प्रत्यक्षात डेरिंग डूच आहे, असे तिला तेथे कळते. चाहत्याचे जुने स्वप्न येथे पुरे होते : नायिका खरी आहे आणि तिला आपली गरज आहे.

खरा कळीचा भाग २०१६ मधला आहे. डेरिंग डूच्या चाहत्यांचा मेळावा भरला आहे. तेथे रेनबोला क्विबल पँट्स नावाचा तट्टू भेटतो. नावातच कुरापत काढण्याची वृत्ती आहे. दोघांची क्षणात गट्टी जमते आणि क्षणात फिसकटते, कारण क्विबलला पहिली तीन पुस्तकेच मान्य आहेत. त्याच्या मते पुढची सारी पुस्तके असंभाव्य साहसांची भरताड. रेनबोला नेमकी तीच साहसे प्रिय. दोघांनाही सारखेच तपशील पाठ, दोघांनाही अभिमान, आणि प्रत्येकाला दुसरा खोटा चाहता वाटतो. पुढे दोघांचे अपहरण होते; तरीही समोरचे संकट म्हणजे मेळाव्यातील करमणुकीचा एखादा कार्यक्रम असेल, असे क्विबल बराच वेळ धरून चालतो. संहितेची संभाव्यता तपासण्यात तो इतका बुडाला आहे की डोळ्यांसमोर घडणारी गोष्टही त्याला वाईट लिहिलेली वाटते. हे चित्र बोचरे असले तरी दुष्ट नाही. भागाच्या शेवटी कोणाचे मत वरचढ ठरत नाही. एकच पुस्तक दोघांना वेगळ्या कारणांनी आवडू शकते एवढे दोघांना उमगते, आणि मैत्री टिकते. मालिका येथे सहज आस्वादकाची बाजू घेते असे मात्र म्हणता येणार नाही. वादात पडलेले दोघेही अस्सल ध्यासाचे आहेत. मालिकेला खुपते ते दुसऱ्याच्या आवडीवर मालकी सांगणे.

मालकीचा हा प्रश्न चाहते आणि निर्माते यांच्यातही उभा राहिला. पहिल्याच भागाच्या पार्श्वभूमीत, चित्रकाराच्या चुकीने म्हणा किंवा गमतीने, एक करडी घोडी तिरळ्या डोळ्यांनी उभी दिसली. चाहत्यांनी तिला ‘डर्पी’ असे नाव दिले, तिचा स्वभाव रचला, तिच्यावर कथा लिहिल्या. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ च्या ‘टेक्स्चुअल पोचर्स’ या ग्रंथात चाहत्याला दुसऱ्याच्या रानात चोरटी शिकार करणारा म्हटले होते. ही शिकार तर रानाच्या मालकानेच गौरवली. निर्माते तिला मागे कोठेतरी मुद्दाम उभी करू लागले आणि २१ जानेवारी २०१२ रोजीच्या भागात तिला त्याच नावाने हाक मारली गेली. चाहत्यांच्या दृष्टीने हा राज्याभिषेक होता. पण तिरळे डोळे, वेंधळेपणा आणि असे नाव यांतून अपंगांची चेष्टा होते, अशी तक्रार काही प्रेक्षकांनी केली. थोड्याच आठवड्यांत विक्रीस ठेवलेल्या प्रतीतून नाव काढले गेले, आवाज बदलला, डोळेही सौम्य करण्यात आले. त्यावर उठलेला संताप तक्रारींच्या मानाने अनेक पटींनी मोठा होता. वादाच्या दोन्ही बाजूंस काही तथ्य होते, आणि अपंगत्व असलेल्या काही प्रेक्षकांना ही घोडी जवळची वाटत होती हेही खरे. तथापि संतापाचा सूर लक्षणीय आहे. एका पात्राचे काही सेकंद बदलल्याचे दुःख त्यात कमी होते. आपली ओळख पुसली गेल्याचे दुःख अधिक होते. सहज प्रेक्षकाला तो भाग पुन्हा पाहताना फरक जाणवलाही नसेल. डर्पी २०१४ साली पडद्यावर ठळकपणे परतली, आणि २०१५ सालचा शंभरावा भाग तर निर्मात्यांनी पार्श्वभूमीतल्या पात्रांनाच अर्पण केला.

या सलोख्यानंतर दोनच वर्षांनी, २०१७ साली, सर्वांत कडवट भाग आला. सहाही मैत्रिणी आपल्या मैत्रीविषयीची रोजनिशी पुस्तकरूपाने प्रसिद्ध करतात. हेतू असा की त्यांच्या चुकांपासून इतरांनी शिकावे. वाचक तुटून पडतात, पण भलत्याच रीतीने. फ्लटरशाय एकच धडा पुन्हा पुन्हा का शिकते, म्हणून तिला रस्त्यात अडवले जाते. रॅरिटी पुस्तकात आवडली नाही म्हणून तिच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. ट्वायलाइट पंख येण्यापूर्वीच बरी होती, असे कोणी तिच्यासमोर म्हणते. हा शेवटचा टोला जाणकारांना नेमका कळला, कारण फेब्रुवारी २०१३ मध्ये ट्वायलाइटला पंख दिल्यावरून चाहत्यांत मोठे वादंग माजले होते. दाराशी जमलेल्या वाचकांना मैत्रिणी आपल्या अपूर्णतेचे गाणे म्हणून समजावू पाहतात आणि जमाव ऐकत नाही. या मालिकेत गाण्याने प्रश्न सुटत नाही असे प्रसंग विरळाच. मग दोन लहान शिंगरे आत येतात. त्यांची तुटलेली मैत्री त्या रोजनिशीमुळे जुळली होती, एवढे सांगून ती आभार मानतात.

चाहत्यांवरचा सूड म्हणून या भागाची पुष्कळ निंदा झाली. काही अंशी ती रास्त आहे, कारण वाचकाला चुकीचे वाचल्याबद्दल फटकारणारी संहिता स्वतःच्या मर्यादा झाकत असते. पण त्या दोन शिंगरांचा प्रवेश दुर्लक्षून चालणार नाही. सात वर्षांच्या गदारोळात ज्यांचा विसर पडला होता ते प्रेक्षक येथे पहिल्यांदा बोलतात. प्रौढ चाहतावर्गाने मालिकेला दिलेले पुष्कळ आहे : संगीत, चित्रे, दीर्घ कथा, मालिकेच्या घडणीकडे पाहण्याची गंभीर नजर, आणि अनेक एकाकी माणसांना मिळालेली सोबत. परंतु त्याच वर्गाने रचलेल्या चित्रांचा एक भाग मुलांच्या नजरेस पडू नये असा होता. आवडत्या तट्टाचे चित्र शोधणाऱ्या मुलीच्या वाटेत तो येण्याचा धोका राहिला. ‘आम्हीही प्रेक्षक आहोत’ हा दावा ‘आम्हीच प्रेक्षक आहोत’ येथपर्यंत नकळत सरकला, तेव्हा त्याची किंमत नाव नसलेल्यांनी मोजली.

मालिका १२ ऑक्टोबर २०१९ रोजी नवव्या पर्वानंतर संपली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रोनीकॉनचा शेवटचा मेळावा बाल्टिमोर येथे भरला आणि त्याला पुन्हा दहा हजारांवर माणसे आली. ओळख कलाकृतीवर उभारलेली असेल तर कलाकृती संपल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न त्या गर्दीपुढे होता. अनेकांनी कथा, चित्रे आणि लहान मेळावे चालू ठेवले. २०२१ साली नव्या पात्रांचा चित्रपट आला तेव्हा काही तिकडे वळले आणि काहींनी क्विबलप्रमाणे जुनेच तेवढे खरे मानले. पहिल्या दिवशी सहा वर्षांची असलेली मुलगी शेवटच्या दिवशी पंधरा वर्षांची झाली होती. मधल्या काळात कधीतरी तिने मालिका पाहणे सोडले असेल, बाहुल्या धाकट्या बहिणीकडे गेल्या असतील. शेवटच्या भागात वय झालेली ट्वायलाइट आपल्या शिष्येला जुन्या मैत्रिणींविषयी सांगते. सहाही जणी आता वेगवेगळ्या गावी, आपापल्या कामात आहेत, आणि ठरवून अधूनमधून भेटतात.